सात महिन्यांचं वेटिंग आणि शोरूमवाल्यांची एक्स्टेंडेड वॉरंटी: काय करावं?

तुमचा प्रश्न असा आहे: सोलापुरात गाडी बुक केलीय, सात महिने वेटिंग सांगतायत. थांबावं की तयार मिळेल ती दुसरी घ्यावी? शोरूमवाले आत्ताच चौथ्या-पाचव्या वर्षाची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या म्हणतात, ती घ्यावी का? आणि रंग कोणता?

वॉरंटी घ्या. आमच्या घरात या विषयावरून दोन तट आहेत आणि मी कुठल्या तटात आहे ते पहिल्या दोन शब्दांत कळलंच असेल. दुसऱ्या तटात माझे मोठे दीर आहेत. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. फ्रीजपासून बोअरच्या मोटारीपर्यंत घरात येणारी प्रत्येक वस्तू अण्णांच्या हातूनच येते. मी अकरावी-बारावीला बुककीपिंग शिकवते, पण घरात हिशेबातलं कळतं ते अण्णांनाच.

ह्यांचा शाळेच्या युनिफॉर्मचा धंदा आहे. माल सोलापुरात शिवायचा आणि सॅम्पल घेऊन हैदराबाद, लातूर, हुबळी फिरायचं. वर्षाला चाळीस हजार किलोमीटर कुठे गेले नाहीत. म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये एक डिझेल गाडी बुक केली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण गाडीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार कशाबद्दल आहे ते पुढे येईलच.

तेव्हा चिपचा दुष्काळ होता. करोनात गाडीवाल्यांनी चिपच्या ऑर्डरी कमी केल्या, त्या चिपा मोबाईल-लॅपटॉपवाल्यांनी उचलल्या, आणि गिऱ्हाईक परत आलं तेव्हा कारखाने तयार आणि चिप नाही. तरी लोकांची बुकिंगची घाई बघा. आमच्या आदल्याच महिन्यात, ऑक्टोबरात, महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० चं बुकिंग उघडलं आणि ५७ मिनिटांत २५,००० गाड्या बुक झाल्या. आमची ती नव्हे, पण हवा सगळीकडे तीच होती. आम्हाला शोरूममध्ये सांगितलं, "चार महिने धरा. गड्ड्याची जत्रा झाली की गाडी दारात."

गड्डा झाला. पाडवा झाला. आषाढीला पंढरपूरला जाऊन आलो ते एसटीने. गाडी आली दसऱ्याला, ५ ऑक्टोबर २०२२. अकरा महिने.

या अकरा महिन्यांतली मोठी चूक लिहून ठेवा, कारण ती तुम्हीही करणार आहात. जुनी वॅगन आर आम्ही डिसेंबरातच विकून टाकली. अण्णांना गिऱ्हाईक सापडलं होतं. "जुनी आत्ता विकली तर दर चांगला येतोय, नवी तर येतेच आहे की." दर चांगला आला, मी नाही म्हणत नाही. पण पुढचे दहा महिने ह्यांनी भाड्याच्या गाड्या केल्या, त्याचे ९२,००० मी वहीत लिहून ठेवलेत. शिवाय मधल्या काळात कंपनीने दोनदा किंमत वाढवली, त्याचे ५८,००० वेगळे. बुकिंगच्या फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की डिलिव्हरीच्या दिवशी जी किंमत असेल ती द्यावी लागेल. आम्ही सही केली तेव्हा तो फॉर्म कोणी वाचला? अण्णांनी. म्हणजे कोणीच नाही.

दसऱ्याच्या दिवशी शोरूममध्ये ही गर्दी. हार, पेढे, चाकाखाली लिंबू. तेवढ्यात एक पोरगा फाईल घेऊन आला. "सर, एक्स्टेंडेड वॉरंटी. चौथं-पाचवं वर्ष, दीड लाख किलोमीटरपर्यंत, २२,४०० फक्त." अण्णांनी फाईलकडे बघितलंसुद्धा नाही. "नको. ही सगळी तुमची पैसे काढायची कामं. गाडी चांगली आहे म्हणताय, मग बिघडणार कशी? आणि बिघडणार असेल तर घेऊ कशाला?"

तर्क ऐकायला इतका गोल आहे की आत शिरायला जागाच नाही. मी म्हटलं, "अण्णा, मूळ वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. आपले लाख किलोमीटर अडीच वर्षांतच होणार." अण्णा म्हणाले, "तुला गाडीतलं काय कळतंय?" मी गाडीतलं बोलतच नव्हते, मी भागाकार करत होते.

ते बाहेर नारळ फोडत होते तेवढ्यात मी काउंटरवर गेले आणि स्टाफरूमच्या भिशीचे पैसे होते त्यातून २२,४०० भरले. ह्यांना रात्री सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, कागद तुझ्याकडेच ठेव. ठेवला, माझ्या कपाटातल्या फाईलीत.

मग आला मे २०२५. कॉलेजला सुट्टी म्हणून पोरांना घेऊन मीही हैदराबादला गेले होते. येताना उमरगा सोडलं आणि नळदुर्गच्या अलीकडे चढाला गाडी ओढेना. ऍक्सिलेटर दाबला की शिट्टीसारखा आवाज आणि मागे निळा धूर. बाहेर आग ओकणारं ऊन, एसी बंद, पोरं घामाघूम. किलोमीटर १,०४,०००. मूळ वॉरंटी लाख किलोमीटर झाले म्हणून मार्चातच संपलेली, तिच्यापुढची एक्स्टेंडेड चालू.

खरं सांगू? टोचन लावून गाडी सोलापूरकडे निघाली तेव्हा मला आतून आनंद होत होता. अडीच वर्षं कपाटात ठेवलेला कागद आता काढायचा होता, आणि अण्णांसमोर काढायचा होता.

वर्कशॉपमध्ये निदान झालं, टर्बो गेला, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. पार्ट ६८,००० आणि मजुरी ७,५००. अण्णा कपाळाला हात लावून उभे. मी पर्समधून कागद काढून ॲडव्हायझरच्या टेबलावर ठेवला. त्याने कॉम्प्युटरवर गाडीचा नंबर टाकला, खाली-वर करून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, सत्तर हजाराची सर्व्हिस दिसतीय, नव्वदची दिसतीय. ऐंशीची कुठे केली?"

मी मागे वळून बघितलं. अण्णा भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

ऐंशी हजाराची सर्व्हिस अण्णांनी त्यांच्या मित्राच्या गॅरेजमध्ये करून घेतली होती. दिवाळीच्या तोंडावर वर्कशॉपची तारीख आठ दिवसांनंतरची मिळत होती, ह्यांना हुबळीला जायचं होतं, आणि वर ३,२०० रुपये वाचत होते. मित्राने ड्रममधलं साधं डिझेलचं ऑइल घातलं. आता टर्बो काय असतो ते तुम्हाला माहीत असेल. मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारणारा दांडा, तो तरंगतो फक्त ऑइलच्या पातळ थरावर. आणि बीएस ६ या प्रदूषण नियमांतल्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला कमी राखेचं ऑइल लागतं, नाहीतर तो तुंबतो. म्हणजे कुठलंही ऑइल चालत नाही, पुस्तकात लिहिलेलंच लागतं. टर्बो त्याच ऑइलने गेला का? अण्णा म्हणतात, नाही, नव्वदला परत कंपनीचंच ऑइल पडलं होतं. असेलही. पण वॉरंटीच्या कागदावर लिहिलंय की प्रत्येक सर्व्हिस वेळेवर आणि अधिकृत वर्कशॉपमध्ये. एक शिक्का कमी, क्लेम नामंजूर.

मी सोडलं नाही. कंपनीला ईमेल केले, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बाकीच्या सगळ्या सर्व्हिसची बिलं तारखेनुसार लावून पाठवली. तीन आठवड्यांनी कंपनीने 'गुडविल' म्हणून पार्टची निम्मी रक्कम सोसली. आम्ही ३४,००० आणि मजुरी ७,५००, असे ४१,५०० भरले.

तेव्हापासून जेवायला बसलं की कधी ना कधी हा विषय निघतो. अण्णांचा हिशेब: वॉरंटीचे २२,४०० गेले, वर ४१,५०० गेले, मिळालं काय? माझा हिशेब: तो शिक्का असता तर शून्य भरावं लागलं असतं, म्हणजे ३,२०० वाचवायला ४१,५०० घातले. अण्णा म्हणतात गुडविल त्यांनी मॅनेजरला झापल्यामुळे मिळालं. झापलं हे खरं आहे. पण मॅनेजर त्या वेळी जेवायला गेला होता, झापलं ते स्टोअरच्या पोराला.

आता एक गोष्ट, जी मी जेवताना बोलत नाही. अण्णांना वॉरंटी घेतलीय हे माहीतच नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. त्यांना ठाऊक असतं तर ऐंशीला ते बाहेर गेले असते का? कदाचित नसते. मूळ वॉरंटी तेव्हाही चालू होती, त्यामुळे तेवढी तरी अक्कल हवी होती असं माझं म्हणणं आहेच. पण कागद कपाटात होता आणि किल्ली माझ्याकडे होती, हेही आहे. म्हणून घेतलीत तर घरात जो कोणी गाडी सर्व्हिसला नेतो त्याला सांगा आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात एक झेरॉक्स ठेवा.

बाकी वॉरंटीचं थोडक्यात. ती गाडीच्या कंपनीची आहे की शोरूमने कुठल्या तरी तिसऱ्याची आणलेली, ते आधी बघा. कंपनीचीच घ्या, म्हणजे हैदराबादलाही चालते. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, वायपर यात धरत नाहीत. उंदरांनी वायर कुरतडल्या तर तेही नाही, तो विम्याचा विषय. बाहेरून वायर कापून हॉर्न-लाईट बसवलेत तर इलेक्ट्रिकलचा क्लेम विसरा. पैसे आजच भरले पाहिजेत असं नसतं, मूळ वॉरंटी संपायच्या आत बहुतेक कंपन्या देतात, फक्त उशीर केला तर महाग पडते. आणि तुमची गाडी वर्षाला पाच-सहा हजारच फिरणार असेल, साधं पेट्रोल इंजिन असेल, चार वर्षांत विकायची असेल, तर नाही घेतली तरी चालेल. हे अण्णांना वाचून दाखवू नका.

वेटिंगबद्दल. सात महिने म्हणजे अकरा नव्हेत, पण शोरूमचे सात म्हणजे किती ते मी सांगितलंच. गाडी मनातलीच हवी असेल तर थांबा, फक्त जुनी विकू नका. नवीच्या चासी नंबरचं पत्र हातात येईपर्यंत पूर्ण पैसेही भरू नका. पुण्याच्या शोरूममध्ये फोन करून विचारा, एकाच कंपनीच्या दोन शोरूमच्या याद्या वेगळ्या असतात, आणि तिथून घेतली तरी पासिंग सोलापूरचं, एमएच १३ चंच होतं. व्हेरियंट एक पायरी खाली आणलं तर कधी कधी तीन महिने वाचतात. डिसेंबरात गाडी हातात येणार असेल तर जानेवारीचं बिल मागा, पण फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, गाडी बनवल्याचा महिना-वर्ष बघूनच, नाहीतर जुन्या वर्षाचा स्टॉक नव्या वर्षाच्या बिलावर गळ्यात पडतो. थांबल्याचा फायदाही होतो कधी. आमच्या स्टाफमधल्या एका मॅडमची छोटी गाडी लांबत लांबत गेली आणि २२ सप्टेंबर २०२५ ला अशा गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला. बिल नंतरचं, त्यामुळे त्यांना नव्या दराने मिळाली. त्या आता सगळ्यांना 'थांबा' म्हणून सांगत फिरतात. नशिबाला सल्ला म्हणत नाहीत, पण त्यांना कोण सांगणार.

रंग: पांढरा. लवकर मिळतो, उन्हात कमी तापतो, आपल्याकडची धूळ कमी दिसते. आमची काळी आहे. रंग अण्णांनी निवडला होता.