अप्रेंटिसशिपला जाताना करारात काय पाहावे?

प्रश्न : मी फिटर ट्रेडमधून आयटीआय उत्तीर्ण झालो आहे. चाकणच्या एका कारखान्यातून अप्रेंटिस म्हणून बोलावणे आले आहे. परंतु पुढे कायम करणार की नाही, हे कोणी सांगत नाही. जावे का?

उत्तर : अवश्य जावे, मात्र करारनामा नीट वाचून मगच सही करावी. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार तुम्ही तेथे कामगार नसून प्रशिक्षणार्थी असता. त्यामुळे तुम्हाला मिळते ते पगार नव्हे, तर विद्यावेतन, आणि ते किती नग काढले यावर ठरवता येत नाही. सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई यांचे संरक्षण मात्र तुम्हाला आहे. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे, कारण नव्या मुलांना नाही म्हणायचा संकोच वाटतो आणि शिकण्याचा वेळ नुसत्या उत्पादनात जातो.

कायम करण्याविषयी म्हणाल, तर प्रशिक्षणानंतर त्याच कारखान्यात नोकरी करण्याची अट करारात असेल, तरच तुम्हाला योग्य काम देण्याचे बंधन मालकावर येते. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. कराराची सरकारी पोर्टलवर नोंदणी झाल्याची खात्री पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी, कारण शेवटी परीक्षा देऊन मिळणारे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र त्या नोंदणीवरच अवलंबून असते आणि दुसऱ्या कारखान्यात अर्ज करताना तेच उपयोगी पडते.