एशियनचा बॉक्स टिक करायचा की रिकामा सोडायचा?

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी अकरावीत, कॉम्प्युटर सायन्स करायचंय, आणि घरात वाद चाललाय की कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक अमेरिकन कॉलेजांना एकत्र अर्ज करायच्या ऑनलाइन फॉर्मवर, वंशाच्या प्रश्नाला एशियन टिक केलं तर तोटा होतो म्हणून ते सोडूनच द्यावं का, आणि मुलगी असण्याचा फायदा किती धरायचा.

ताई, बॉक्सचं टेन्शन सोडा. 29 जून 2023 ला सुप्रीम कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीच्या केसमध्ये निकाल दिला, तेव्हापासून वंश बघून ॲडमिशन देता येत नाही. बॉक्स अजून आहे पण ऑप्शनल आहे, आणि ते उत्तर अर्ज वाचणाऱ्यांना दिसू नये अशी सोय कॉलेजला करता येते. आणि तो रिकामा ठेवून 'कर' वालं आडनाव कुठे लपवणार आहात?

आता निकालानंतर आपल्या मुलांना रान मोकळं झालं असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं तेही अर्धंच खरं, कारण 2024 ला प्रवेश घेतलेल्या बॅचमध्ये एमआयटीत एशियन अमेरिकन 40 वरून 47 टक्क्यांवर गेले पण त्याच वर्षी येलमध्ये 30 वरून 24 वर आले. यावरून काय हिशोब मांडणार? मी तरी मांडत नाही.

निबंधात मात्र वंशाबद्दल लिहिता येतं, त्याचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला ते, कोर्टानेच तसं म्हटलंय. पण तिला खरंच काही सांगायचं असेल तरच हं, आजीचा डबा आणि दिवाळी ओढूनताणून आणू नका, माझ्याकडे येणाऱ्या निबंधांत आज्या फार झाल्यात.

मुलगी असण्याचा मुद्दा वेगळा आहे आणि खरं काम तिथे आहे. 1972 च्या टायटल नाइन कायद्याने सरकारी कॉलेजांना पदवीच्या ॲडमिशनला मुलगा-मुलगी भेद करता येत नाही, म्हणजे तुमच्या न्यू जर्सीच्या सरकारी रटगर्समध्ये हा फायदा धरूच नका. प्रायव्हेट कॉलेजांच्या पदवी प्रवेशाला मात्र त्यातून सूट आहे. आता बघा, एमआयटीत, जिथे मुलींचे अर्ज कमी येतात, तिथे मुलींच्या निवडीचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त दिसतं, आणि ब्राउनमध्ये मुलींचे अर्ज ढीगभर आणि चित्र उलटं, तिथे मुलांचं जास्त. नुसत्या आकड्यांवरून कॉलेजने मुद्दाम झुकतं माप दिलं असं सिद्ध होत नाही, पण यादी करताना हे माहीत असलेलं बरं.

बहुतेक कॉलेजं कॉमन डेटा सेट नावाची फाइल वेबसाइटवर टाकतात, त्यात सी1 नावाच्या भागात मुलं किती, मुली किती, अर्ज किती, घेतले किती हे सगळं असतं. हे आकडे पूर्ण कॉलेजचे, कॉम्प्युटर सायन्सचे वेगळे नाहीत, त्यामुळे ब्रँचला थेट ॲडमिशन देणाऱ्या कॉलेजला स्वतः ईमेल करून विचारा, म्हणजे लेकीला विचारू द्या, तुम्ही नको. तिच्या यादीतल्या प्रत्येक प्रायव्हेट कॉलेजचं सी1 काढून ठेवा, मग अर्ली डिसिजन, म्हणजे घेतलं तर जाणारच असं कबूल करून एकाच कॉलेजला आधी टाकायचा अर्ज, कुठे टाकायचा ते बोलू.