गाडीचा हीटर लावला तरी गार हवाच येते, बिघाड कुठे असेल?

पंखा व्यवस्थित फिरतोय आणि हवा मात्र गार, म्हणजे इंजिनाची उष्णता आतपर्यंत पोचत नाहीये. सगळ्यात आधी कूलंटची (इंजिनाची उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवाची) पातळी बघा, पण इंजिन पूर्ण गार असतानाच. गरम रेडिएटरचं झाकण चुकूनही उघडू नका, उकळतं पाणी दाबाने अंगावर येतं. बऱ्याचदा कूलंट कमी झालेलं असतं, नाहीतर पाइपात हवा अडकलेली असते. गाडी उभी असताना गार आणि रेस दिल्यावर गरम हवा येत असेल तर शंका इथेच घ्या.

पातळी ठीक असेल तर तापमानाचा काटा बघा. बराच वेळ चालवूनही तो खालीच राहत असेल, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) उघडा अडकलाय. तो साधारण 82 ते 90 अंशांना उघडायला हवा. भाग स्वस्त असतो, बदलूनच टाका.

काटा मध्यावर असेल तर इंजिन तापल्यावर हीटरकडे जाणारे दोन रबरी पाइप जपून चाचपा, पंख्यापासून हात लांब ठेवून. एक गरम, एक गार असेल तर हीटर कोअर (आतली हवा गरम करणारा छोटा रेडिएटर) तुंबलाय किंवा त्याच्याकडे कूलंट सोडणारा व्हॉल्व्ह बंद आहे. कोअर आधी फ्लश करून (पाणी सोडून आतून धुऊन) बघा. दोन्ही गरम असतील तर डॅशबोर्डमागचा गरम-गार हवेचा फ्लॅप अडकलाय.

कूलंट सारखं कमी होत असेल तर नुसतं भरत राहू नका. पायाशी ओलं कार्पेट आणि गोडसर वास म्हणजे कोअर गळतोय. गळती दिसत नाही पण सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतोय, तर गाडी चालवू नका, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) तपासून घ्या.