पहिल्यांदा आंबेडकरी जलशाला, म्हणजे बाबासाहेबांच्या विचारांच्या गाण्यांच्या कार्यक्रमाला जाताय? आधी जागा नीट निवडा

पहिल्या रांगेचा हट्ट धरू नका. स्पीकरसमोर हलगी-ढोलकीचा दणका शब्द गिळतो, आणि या गाण्यांचा जीव शब्दांतच आहे! सात-आठ रांगा मागे, मधोमध बसा. या गाण्यांचे मोठे कवी-गायक वामनदादा कर्डक नाशिक जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले. त्यांचं गाणं सुरू झालं की शेवटच्या कडव्याकडे कान ठेवा, 'वामन' ही नाममुद्रा, म्हणजे कवीने गाण्यात गुंफलेलं स्वतःचं नाव, बहुधा तिथेच येते. ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, कोरसबरोबर खुशाल गा, कडव्याला मात्र गप्प. मोबाईलवर रेकॉर्डिंग एखाद्याच गाण्याचं करा, तेही लांबून. स्पीकरजवळ आवाज फाटतो. पावसाळी हवेत हलगीचं कातडं सैल पडतं, ती शेकावी लागते. तेव्हा उशीर झाला म्हणून ओरडू नका.