तीस सेकंदांत पेशकार मावत नाही

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझी तबल्याची तीस सेकंदांची चित्रफीत पाहिली. द्रुत रेला (अक्षरांचा अखंड ओघ), तिहाई (तीनदा वाजणारा तुकडा), समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, हवेत गेलेला हात. हाताला वेग आहे. पण ‘तिट’ नीट ऐक: ‘ति’ कळतो, ‘ट’ शाईवर, तबल्याच्या मधल्या काळ्या गोलावर, नुसता घासला जातो. फोनच्या भोंग्यातून हे लपतं, म्हणून तर असल्या तुकड्यांत सगळेच उस्ताद वाटतात.

आता थोर तबलावादक अहमदजान थिरकवा ऐक. आकाशवाणीची ध्वनिमुद्रणं आहेत. पहिली दहा मिनिटं तिहाईची वाट पाहू नकोस, दोन अक्षरांमधली जागा ऐक. चाटेवरच्या, म्हणजे कडेवरच्या, ‘ना’ची आस (मागे रेंगाळणारा नाद), खालीत (तालाच्या हलक्या भागात) बंद होणारा डाव्या हाताचा डग्गा, भरी (भरीव भाग) आली की पुन्हा उघडणारी घुमक. दिल्ली, अजराडा, फरुखाबाद, प्रत्येक घराण्याचा कायदा (ठरावीक अक्षरांची, विस्तार करता येणारी रचना) ते त्या त्या निकासाने, बोल काढण्याच्या पद्धतीने, वाजवत. त्यांचे गुरू मुनीर खाँसाहेब यांची तालीम ती हीच. बोटं थिरकतात म्हणून ‘थिरकवा’ हे नाव पडलं खरं, पण थिरकण्याआधी ती किती शांत असतात ते बघ.

बाजाराच्या नावाने बोटं मोडताना एक विसरू नये: थिरकवा गंधर्व नाटक मंडळीत वाजवत, आणि ती तिकिटावर चालणारी कंपनी होती. पैसा तेव्हाही होताच. पण बालगंधर्वांच्या पदाला वन्समोअर मिळाला की ठेका तितकाच वेळ सरळ, भरीव चालवावा लागे; त्या संयमाचेही पैसे मिळत. आज पैसे मिळतात ते फक्त शेवटच्या चक्रदाराचे, तिहाईसकट तीनदा वाजणाऱ्या तुकड्याचे. मग शिकणारा चक्रदारापासूनच सुरुवात करतो, आणि पेशकार, म्हणजे एकल वादनाची सुरुवातीची संथ रचना, वाजवणारा हात घडतच नाही. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती मोठी आहे.

तुझ्यासाठी दिल्लीचा जुना कायदा पुरेसा आहे:

धाधातिट धाधातूंना
तातातिट धाधाधीना

मेट्रोनोम 60 वर. आधी हाताने ताली देत तोंडाने म्हण: तीनतालाच्या सोळा मात्रांत 1, 5, 13 वर टाळी, 9 वर खाली. मग एका ठोक्याला एक अक्षर, दहा मिनिटं. नंतर दोन, नंतर चार. चारमध्ये ‘ट’ स्वच्छ आला तरच 65. नाही आला तर 55 वर उतर. यात कमीपणा नाही. ‘ति’ मधल्या बोटाने, ‘ट’ तर्जनीने. बोट शाईपासून फार उंच उठलं की परत यायला उशीर होतो आणि ‘ट’ चिरडतो. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. दुसरी चूक डाव्या हाताची: ‘तातातिट’ला डग्गा चालूच राहतो. खाली हरवली की कायदा गेला.

पहिला पलटा, म्हणजे त्याच अक्षरांची अदलाबदल:

धाधातिट धाधातिट धाधातिट धाधातूंना
तातातिट तातातिट धाधातिट धाधाधीना

यात ‘धिरधिर’ घुसडू नकोस. कायद्यात नसलेलं अक्षर पलट्यात येत नाही. टाळ्या मिळतील, पण मग तो पलटा राहत नाही.

स्वर जुळवताना गट्टे, वादीत अडकवलेले लाकडी ठोकळे, लगेच ठोकू नयेत. थोडा फरक असेल तर गजऱ्यावरच (पुडीच्या, म्हणजे कातड्याच्या, कडेच्या वेणीवर) हातोडी: वरून मारली की स्वर चढतो, खालून मारली की उतरतो. एक घर, म्हणजे दोन वाद्यांमधला भाग, झालं की समोरचं घर घ्यायचं, शेजारचं नाही. नाहीतर पुडी एका बाजूला ओढली जाते आणि ‘ना’ प्रत्येक घरावर वेगळा बोलतो.

राहिलं कार्यक्रमाचं. मानधन विचार, त्यात संकोच नको. पण सोबत दोन गोष्टी विचार: एकल वादनाला किती मिनिटं, आणि ध्वनिचाचणीला वेळ आहे का. डग्ग्याचा खर्ज फुगवून ठेवलेला असतो, मींड, एका स्वरातून दुसऱ्यात सरकणारा आवाज, ऐकूच येत नाही. तो कमी करायला सांग आणि माइक वीतभर लांब ठेव. वीस मिनिटांहून कमी मिळणार असतील तर पेशकार थोडक्यात आटोपू नकोस. तो त्या दिवशी घेऊच नकोस. एकच कायदा घे, ठाय, म्हणजे संथ, लयीतून सुरू कर.