सोलनने नेमकं काय केलं?

प्रश्न : शाळेत आम्हाला अथेन्सचा सोलन म्हणजे लोकशाहीचा जनक असं शिकवलं होतं, आता मुलगा म्हणतो तो मान क्लिस्थेनिसचा. मग सोलनने नक्की केलं काय, आणि त्यातलं टिकलं काय?

उत्तर : मुलगा बरोबर बोलतोय. अथेन्सच्या लोकशाहीची घडी क्लिस्थेनिसने इ.स.पू. ५०८ च्या सुमारास बसवली, सोलन त्याच्या आधीचा, इ.स.पू. ५९४ मध्ये तो आर्कन म्हणजे मुख्य अधिकारी झाला. पण मला विचाराल तर सोलनचं काम जास्त मुळातलं आहे.

तेव्हा तिथे गरीब शेतकरी कर्ज काढताना स्वतःलाच गहाण टाकायचा, आणि फेडता आलं नाही की तो, बायको, पोरं सगळे गुलाम, कधीकधी तर थेट परदेशात विकायचे. शेतात दगड रोवलेले असायचे, ही जमीन अडकलेली आहे हे दाखवायला. सोलनने ते दगड उपटले, कर्जाचा बोजा उतरवला आणि कायदाच केला की यापुढे माणसाचं शरीर तारण ठेवून कर्ज द्यायचं नाही. लोक याला ‘सैसाख्थिया’ म्हणायचे, म्हणजे ओझं झटकून टाकणं.

तो कवी पण होता. एका कवितेत तो काळ्या मातीलाच साक्षीला बोलावतो, की मी तुझ्या अंगातले दगड काढले, आधी गुलाम होतीस आता मोकळी झालीस. पुढे तो म्हणतो की विकलेल्या माणसांना मी परत आणलं, त्यातले काहीजण इतके भटकले होते की आपली अॅटिक बोलीच, म्हणजे अथेन्सकडची ग्रीक बोली, विसरले होते. ही ओळ आठवली की मला दर वेळी गलबलून येतं, घरी तर आलेत पण आपल्याच माणसांशी बोलता येत नाही!

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे अन्याय झालेल्या माणसाच्या वतीने कुठलाही नागरिक खटला भरू शकतो, हे त्याने आणलं. त्याच्या आधीच्या ड्रॅको नावाच्या कायदेकर्त्याचे कडक कायदे काढले, फक्त मनुष्यवधाचा तेवढा ठेवला. कायदे लाकडी तुळयांवर कोरून घेतले, त्या चौकटीत फिरवता यायच्या, जवळपास ७०० वर्षांनी, सोलनचं चरित्र लिहिणाऱ्या प्लुटार्क या ग्रीक लेखकाच्या काळातही त्यांचे थोडे तुकडे शिल्लक होते.

उणिवा होत्याच. पदं शेतीच्या उत्पन्नावर मिळायची, बायकांना काही नाही, बाहेरून विकत आणलेले गुलाम गुलामच राहिले. जमिनीचं फेरवाटप केलं नाही म्हणून गरीब नाराज, पैसे बुडाले म्हणून श्रीमंत नाराज, शेवटी तो दहा वर्षांसाठी देश सोडून गेला. पुढे पिसिस्ट्रॅटसने सत्ता बळकावली, तेही सोलनच्या डोळ्यांदेखत, पण कर्जापायी अथेन्सच्या नागरिकाला गुलाम करायची पद्धत काही परत आली नाही.