स्मरणिकेतलं सरांचं पान

दापोली

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा भलामोठा मेसेज वाचला. उत्तर मुद्दाम कागदावर लिहून तुझ्या मावशीच्या हाती पाठवते आहे. मोबाइलवर लिहिलेलं तासाभरात कबड्डी मंडळाच्या ग्रुपवर जातं आणि संध्याकाळपर्यंत मुंबईकरांच्या.

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत सरांवरचा लेख लिहायचा की ते काम सोडून द्यायचं, आणि सरांच्या हाताखाली तुम्ही आणलेल्या ढाली-पदकांचं आता काय, असं तू विचारतोस. दोन्हीवर बोलते. पण एवढ्या मजकुरात त्या मुलांबद्दल एकच ओळ आहे, तीही ‘हे सगळं बाहेर आल्यावर’ अशी ओझरती. सरांच्या घरचं जेवून तू मोठा झालास, तुझ्या मनात आधी सर येणार हे मला कळतं. तरी क्रम बदल. सर गेले, त्यांच्या नावाचं काय करायचं ते सावकाश ठरवता येईल.

आधी पोलीस ठाण्यात जा. शेजारच्या तालुक्यातल्या शिबिरावरून सरांच्या त्या जुन्या मदतनिसावर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा गुन्हा दाखल झालाय, त्याचं कोर्टात व्हायचं ते होईल. पण त्याच्या कितीतरी आधी आपल्याच किशोर गटातल्या एका मुलाची आई सरांकडे आली होती. सरांनी तिला ‘मी बघतो’ म्हणून परत पाठवलं आणि त्या माणसाची गाजावाजा न करता दुसरीकडे सोय लावली. हे तुला जुन्या खजिनदारांनी स्वतः सांगितलंय, म्हणजे आता ते तुलाही ठाऊक आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या १९व्या कलमाप्रमाणे अशी माहिती असलेल्या कुणीही ती पोलिसांना दिलीच पाहिजे. न देणं हा २१व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल गप्प बसलेला संस्थाप्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्याला त्याच १९व्या कलमात संरक्षण आहे. खजिनदारांनाही बरोबर चला म्हण. बहुतेक यायचे नाहीत, पण विचार.

तिथून बाहेर पडल्यावर टपरीवर एक शब्द बोलू नकोस. मुलाची ओळख उघड करायला कायद्याची बंदी आहे. शहरात नाव गाळलं की ओळख झाकते. आपल्याकडे ‘खालच्या वाडीतला, उजवा कोपरा खेळायचा’ एवढं म्हटलं तरी हर्णै बंदरावर लिलावाला बसलेल्या बाईलाही घर कळतं.

असं आणखी कुठे घडलंय का, असंही तू विचारलंयस. घडलंय, आणि आपल्या गोष्टीशी इतकं जुळणारं, की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात जो पॅटर्नो नावाचे फुटबॉलचे प्रशिक्षक होते. तिकडचा फुटबॉल म्हणजे चेंडू घेऊन धावायचं आणि धावणाऱ्याला आडवं पाडायचं. पकड खेळणाऱ्या तुला तो लगेच कळेल. १९६६पासून २०११पर्यंत ते मुख्य प्रशिक्षक होते आणि त्यांच्या नावावर ४०९ विजय होते. पोरांनी खेळाबरोबर पदवीही घेतलीच पाहिजे हा त्यांचा हट्ट. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांनी स्वतःच्या पैशातून मोठी देणगी दिली. जेरी सँडस्की हा त्यांचा अनेक वर्षांचा सहकारी. तो १९९९मध्ये निवृत्त झाला, पण संघाच्या इमारतीत त्याला पूर्वीसारखीच मोकळीक होती. गरजू मुलांसाठी त्याने एक संस्था काढली होती आणि तिच्यातलीच मुलं तो हेरायचा. २००१च्या फेब्रुवारीत संघातल्या एका तरुण सहायकाने त्याला एका लहान मुलाबरोबर न्हाणीघरात पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पॅटर्नोंच्या घरी जाऊन सांगितलं. पॅटर्नोंनी वरच्या अधिकाऱ्याच्या कानावर घातलं. कागदोपत्री त्यांचं काम झालं. पोलिसांना मात्र कुणीच कळवलं नाही. त्याच वर्षाच्या शेवटी स्टेडियमबाहेर पॅटर्नोंचा पुतळा बसला.

सँडस्कीला अटक झाली ती थेट नोव्हेंबर २०११मध्ये. मधली दहा वर्षं तो मोकळा होता, आणि या प्रकरणातलं सगळ्यांत भयंकर ते हेच. अटकेनंतर काही दिवसांतच विद्यापीठाने पॅटर्नोंना काढलं, तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर उतरले, एका वृत्तवाहिनीची गाडी उलटी केली. कुणासाठी? प्रशिक्षकांसाठी. जानेवारी २०१२मध्ये पॅटर्नो कर्करोगाने वारले. जूनमध्ये सँडस्की ४५ आरोपांत दोषी ठरला. जुलैत पुतळा हलवला आणि दुसऱ्याच दिवशी तिकडच्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने विद्यापीठाला ६ कोटी डॉलर दंड करून १९९८पासूनचे पॅटर्नोंचे १११ विजय नोंदीतून पुसले. जानेवारी २०१५मध्ये ते परतही दिले. विद्यापीठाच्या तीन बड्या अधिकाऱ्यांना पुढे शिक्षा झाल्या. पॅटर्नोंवर खटला झाला नाही. त्यांना किती माहीत होतं यावर चौकशी करणारे एक म्हणाले, घरचे दुसरं म्हणाले, आणि उत्तर द्यायला ते स्वतः नव्हते. पुतळा गेला तो गेलाच, ग्रंथालयावर नाव मात्र आहे.

विजय पुसण्याची ती शिक्षा मला साफ बावळट वाटते. ते सामने घाम गाळून खेळले कोण? ज्यांचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता ती पोरं. वर त्यातून झालं काय, तर २९८ की ४०९ यावर लोक अडीच वर्षं भांडत बसले आणि ज्यांचं आयुष्य उसवलं ती मुलं बोलण्यातून नाहीशी झाली. तुझ्या पदकांचं उत्तर यातच आहे. जिल्हा अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला तू धरलेला घोटा सरांनी धरला नव्हता. पदकं कपाटात होती तिथे ठेव आणि त्यांच्यावरून कुणाशी वाद घालू नकोस.

मात्र सरांची जी स्तुती आपण सगळे करत आलो, ती तशीच्या तशी ठेवता येणार नाही. तू पाठवलेला लेखाचा पहिला खर्डा मी पुन्हा काढून वाचला. ‘सरांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.’ ‘सरांच्या शिबिरात आई-बापांना फाटकाच्या आत प्रवेश नसे.’ ‘शिबिरातली गोष्ट शिबिरातच राहायची.’ महिन्याभरापूर्वी हे वाचून माणसांनी कौतुकाने माना डोलावल्या असत्या. आता ही वाक्यं पुन्हा वाच. एखाद्या पोराला काही सांगायचं असतं तर त्याने ते कुणाला आणि कसं सांगितलं असतं? ज्याला आपण शिस्त म्हणत होतो तिच्याच आडोशाने तो माणूस वावरला. म्हणून ‘सरांचं प्रशिक्षण थोर, फक्त तेवढं एक झालं’ असं लिहिता येत नाही. तेवढं एक जे झालं, ते त्या प्रशिक्षणाच्या पद्धतीतूनच झालं. रोमानियाहून अमेरिकेत गेलेले जिम्नॅस्टिक्सचे प्रशिक्षक बेला कारोली यांचंही असंच. १९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये पैकीच्या पैकी गुण मिळवणारी नादिया कोमानेची त्यांची शिष्या. पण टेक्सासमधल्या त्यांच्या शिबिराचं नाव निघालं की आज आठवतो तो तिथे येणारा, मुलींवर अत्याचार करणारा संघाचा डॉक्टर लॅरी नासार. २०१८मध्ये त्याच्याविरुद्ध कोर्टात दीडशेहून अधिक मुली-बायका बोलल्या. कारोली पती-पत्नीने आपल्याला काही माहीत नव्हतं असं सांगितलं. नसेलही. पण आई-बापांना लांब ठेवणारं, पोरींना तोंड उघडू न देणारं शिबिर कुणी चालवलं होतं?

आपल्याकडे तर प्रशिक्षकाच्या हातात भाकरी असते. जिल्ह्याच्या संघात निवड, मग राज्याचं प्रमाणपत्र, मग ५ टक्के खेळाडू आरक्षणातून सरकारी नोकरी. भातशेती आणि आंब्याची चार कलमं एवढ्यावर घर चालत नाही, हे त्या बाईलाही कळत होतं. मग ती ठाण्यात न जाता सरांच्या ओटीवर का गेली, असं विचारणाऱ्यांना आपलं गाव कळलेलं नाही. तिच्या लेखी सरच ठाणं होते. सरांवरचा माझा खरा राग तिथला आहे. तिने टाकलेला विश्वास त्यांनी मंडळाचं नाव वाचवायला खर्च केला.

आता तुझ्यावर दाब येईल. पहिला फोन मुंबई मंडळाचा. मॅटचे पैसे त्यांनी दिलेत, तेव्हा बोलायचा हक्क आहे असं त्यांना वाटतं. मग कुणीतरी गावकीत बैठक लावू म्हणेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे वाक्य त्या बैठकीत तुला ऐकू येईलच. नम्रपणे सांग, पालखीचा मान आणि बांधाचं भांडण गावकीत मिटतं, हा गुन्हा गावकीत मिटवता येत नाही, मिटवायला बसणारेच अडकतील. त्या घराला वाळीत टाकायची भाषा निघाली, तर २०१६चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात आहे, हेही आवाज न चढवता सांग. तो करावा लागला त्यात आपल्या कोकणातल्या प्रकरणांचाही वाटा आहे.

लेखाचं म्हणशील तर लिही. सोडलास तर तो कोण लिहील ते तुला ठाऊक आहे, आणि त्यात ‘चंद्रालाही डाग असतो’ हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात येईल. सरांनी काय उभं केलं ते लिही: जांभ्या दगडाच्या रानात मैदान कसं केलं, पावसाळ्यात शाळेच्या पडवीत सराव कसा घेतला, मुलींचा संघ काढला तेव्हा कोण हसलं. मग त्याच आवाजात, विशेषण न लावता लिही, की एका पालकाची तक्रार त्यांच्याकडे आली, त्यांनी ती पोलिसांना कळवली नाही आणि संबंधित माणूस दुसरीकडे मुलांमध्ये काम करत राहिला. ‘माणूस होते, चुकले’ असं लिहू नकोस. हा परिच्छेद छापण्याआधी तपास अधिकाऱ्याला आणि एखाद्या वकिलाला दाखव. आई, वर्ष, गट यांतलं काही त्यात राहू देऊ नकोस. समितीने तो गाळायचा म्हटलं तर लेख परत घे आणि का घेतलास ते लेखी दे. स्मृतिचषकावर सरांचं नाव यंदा नको. पुढे घालायचं की नाही, हे त्या मुलांना वगळून ठरवू नका. ती बोलणार नसतील तर तेही त्यांचं उत्तर समजा. कार्यालयातला फोटो ठेवा नाहीतर काढा, मला त्यात फारसं स्वारस्य नाही.

सरांच्या घरी काकूंकडे मात्र जाऊन ये. लोकांनी त्यांच्याकडे जाणं बंद केलंय असं कानावर आलं. त्यांनी कुणाला कुठे पाठवलं नव्हतं.

दिवाळीनंतरच्या शिबिराची जबाबदारी तुझ्याकडे येतेय, तर त्याची नियमावली आत्ताच लिहून काढ. कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटा मोठा माणूस नसावा, तूही नाहीस. वजन घ्यायचं ते सगळ्यांसमोर, पडवीत. बाहेरगावी स्पर्धेला शाळेच्या वर्गात मुक्काम असतो, तिथे दोन पालक बरोबर. पालकांनी कधीही, न सांगता यावं. मुलींच्या संघाबरोबर बाई हवीच. कामाच्या जागी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात क्रीडा संस्था आणि मैदानंही कामाच्या जागेत धरली आहेत, तेव्हा तक्रार समितीचं बघ. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर. मदतनीस म्हणून कुणी आलं तर आधी जिथे होता तिथे फोन करून विचार, का सोडलं. उत्तर गुळमुळीत आलं तर घेऊ नकोस, कितीही चांगला चढाईपटू असला तरी.

मसुदा झाला की मावशीकडेच दे, मी दुरुस्त करून परत पाठवीन. ठाण्यात जायच्या दिवशी सोबत हवी असेल तर कळव, सकाळच्या एसटीने येते.

तुझ्या शाळेतल्या बाई